ब्यूरोची बाई, घरातल्या आजी आणि आपले गैरसमज

रामदासपेठ म्हणजे नागपूरकरांच्या लेखी दवाखान्यांची वस्ती. पंचशील चौकाच्या आसपास आणि पलीकडे धंतोलीत डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या. पण दवाखान्यातून सुट्टी झाली की पुढची शुश्रूषा घरातच करावी लागते. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत. मग नर्सिंग ब्यूरोला फोन जातो आणि बारा तासांच्या ड्युटीवर एक बाई येते. तिचं नाव विचारलं जातंच असं नाही. ‘मावशी’ किंवा ‘आया’ म्हणून काम भागतं. या बाईबद्दल आणि ती ज्यांना सांभाळते त्या वृद्धांबद्दल आपल्या मनात काही पक्के समज आहेत. त्यांतले काही नुसते चुकीचे नाहीत, पेशंटला इजा करणारे आहेत.

‘यात काय शिकायचंय, कुणीही करेल’ हा त्यातला सगळ्यात मोठा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ते झालं नाही तर माकडहाड, खुबा, टाचा इथला रक्तपुरवठा दबतो आणि जखमा होतात. त्या भरून यायला महिने लागतात. पक्षाघातानंतर अनेकांना गिळता येत नाही. अशा माणसाला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला ताठ बसवूनच भरवायचं आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्यायचं. घट्टसर खिमटीपेक्षा साधं पाणी अशा पेशंटला जास्त धोक्याचं ठरू शकतं, हे घरच्यांना सांगूनही पटत नाही. हे सगळं शिकावं लागतं.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच घातक आहे. पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई नर्स नसते. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली व्यक्ती म्हणजे नर्स. ब्यूरोतून येणारी बाई बहुधा अटेंडंट असते; तिला इंजेक्शन द्यायला लावणं पेशंटवरही अन्याय आहे आणि तिच्यावरही, कारण काही बिघडलं की दोष तिच्याच माथी येतो.

मुळात हे काम हलकं ठरतं ते मलमूत्राशी आणि शरीराशी येणाऱ्या संबंधामुळे. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांनी 1951 मध्ये ‘घाणेरडं काम’ ही कल्पना मांडली: समाजाला काही कामं हवी असतात, पण ती करणाऱ्यांना तो दूर ठेवतो. आपल्याकडे त्यात जात आणि विटाळ यांची भर पडते. चहाचा वेगळा कप आणि घरातलं स्वच्छतागृह वापरायला मनाई, हे आजही सुशिक्षित घरांत चालतं. आईचं सगळं जिच्या हातून होतं तिला आपल्या कपातून चहा देणं चालत नाही, याचं समर्थन कसं करणार?

हा डाग अटळ नाही, याचा दाखला नागपुरातच आहे. बाळंतपणाचं काम विटाळाचं मानलं जाई, त्या काळात तरुणपणीच वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी डफरिन दवाखान्यात त्याच कामाचं शिक्षण घेतलं. 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृ सेवा संघ उभा केला. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते या कामाला मान मिळाला तो प्रशिक्षण, संस्था आणि ओळख या तिन्हींमुळे. घरोघरच्या अटेंडंटना यातलं फारसं काही मिळालेलं नाही.

आता वृद्धांशी बोलण्याकडे येऊ, कारण त्यांच्यावरचा कलंक सगळ्यात आधी तिथे दिसतो. ‘म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात, लाडाने बोलावं’ असं सगळेच सांगतात, घरचे आणि ब्यूरोवालेही. ‘शहाणं बाळ ते!’, ‘चला, आपण शू करून घेऊ.’ हेतू प्रेमाचाच असतो. पण अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांतली चित्रीकरणं तपासली. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांशी असं बाळबोलीत बोललं की त्यांनी हात झटकण्याची, ओरडण्याची, नकार देण्याची शक्यता सुमारे 55 टक्के होती. सरळ, मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं की 26 टक्के. हे निष्कर्ष 2009 मधले. पुढे कर्मचाऱ्यांना तासाभराची तीन सत्रं दिल्यावर बाळबोलीही कमी झाली आणि विरोधही. म्हणजे ज्याला आपण ‘आजी फार त्रास देतात’ म्हणतो, त्यातला काही भाग आपल्याच बोलण्यातून उभा राहिलेला असतो. ‘मॅडम, आता डाव्या कुशीवर वळवते, माझा हात धरा’ एवढं पुरतं. आयुष्यभर शाळा चालवलेल्या बाईंना ‘बाळा’ म्हणवून घेण्याची काय गरज?

ऐकू कमी येतं म्हणून ओरडणंही तसंच. वयोमानाने बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी हरवतात. स, श, त, क ही व्यंजनं पुसट होतात. ओरडताना आपला आवाज वर चढतो आणि शब्द आणखी फाटतात. समोर बसावं, चेहऱ्यावर उजेड असावा, टीव्ही बंद करावा, आवाज खालच्या पट्टीत ठेवावा.

डिमेन्शियाबद्दलची लपवाछपवी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. ‘वय झालं, आता असं व्हायचंच’ म्हणून तपासणी टळते, आणि निदान झालंच तर लोक काय म्हणतील या भीतीने ते दडवलं जातं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बाकीच्या बहुसंख्यांना तो नाही. म्हणून तो वयाचा नेम नसून आजार आहे. निदान अटेंडंटपासूनही लपवलं की भोगावं तिला लागतं. ‘माझी पाटली हिने चोरली’ हा संशय या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे. पाटली बहुधा आजींनीच कुठेतरी जपून ठेवलेली असते. पण घरात कुणाची झडती घेतली जाते, हे सांगायला नको.

म्हणून नवी बाई रुजू होते त्या दिवशी एक कागद तिच्या हाती असावा, आणि तिला वाचता येत नसेल तर बसून सांगावा. त्यात पेशंटला कोणत्या नावाने हाक मारायची, आधी काय काम करत होते, कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, कवळी आणि चष्मा कुठे असतो, आजार नेमका कोणता, गिळायला त्रास आहे का, रात्री फोन कुणाला करायचा, हे सगळं असावं. बाईंचं नावही विचारून घ्यावं आणि पेशंटला सांगावं. वृद्धांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 ही त्याच कागदावर लिहून ठेवावी. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते.