अक्षरांच्या डोक्यावरची जागा

अ‍ॅपच्या मराठी आवृत्तीचं काम करताना मी इंग्रजी आणि मराठी स्क्रीन शेजारी शेजारी उघडून बसतो. डावीकडे पांढऱ्याशुभ्र जागेत करड्या रंगाचे, सडपातळ अक्षरांतले मोजके शब्द. चित्र नाही, चौकट नाही, सावली नाही. दिसायला सुरेख. उजवीकडे त्याच जागेत मराठी आली की ‘नोंदणी’वरचा अनुस्वार कापला जातो आणि ‘पुन्हा’चा उकार खालच्या रेघेत बुडतो.

नुसत्या अक्षरांचा हा सोस जुनाच. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये विंडोज फोन ७ आणला, तेव्हा त्यातली मोठाली शीर्षकं मुद्दाम स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर जात. पलीकडे अजून काही आहे, हे त्या कापलेल्या शब्दानंच सांगायचं. कुणी त्यावर भाळले, कुणाला ते अर्धवट वाटलं. २०१३ मध्ये अ‍ॅपलनं आयओएस ७ मधून सावल्या आणि चामड्याची नक्कल काढून टाकली, बारीक हेल्वेटिका आणली. आणि दाबायचं कुठे हेच कळेना, अशी ओरड झाली. पुढच्याच वर्षी ७.१ मध्ये बटणांचे आकार दाखवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आला.

आमच्याकडचा वादही तोच. डिझायनर म्हणतो, चित्राचे दहा अर्थ निघतात, शब्दाचा एकच. ग्राहकांचे फोन घेणाऱ्या बाई म्हणतात, “लोक वाचत नाहीत हो, रंग शोधतात.” मी अक्षरांच्या पक्षातला. पण चौकट काढली की तिचा सगळा भार अक्षरांवर येतो, आणि तो पेलायला त्यांना जागा लागते, हे डिझायनरला पटवणं माझ्या वाट्याला येतं.

रोमन लिपीकडे कॅपिटल आहेत. आकार तोच ठेवून शीर्षक उठवता येतं. देवनागरीत ती सोय नाही. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांची दाटी, तर खाली उकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतो. इंग्रजीत ते झोकदार दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अतिबारीक वजनात, म्हणजे जाडीत, करडा रंग दिला, की उन्हात शिरोरेषा तेवढी दिसते, खालचं अक्षर ओळखावं लागतं. गूगलच्या मटेरिअल डिझाइनच्या नियमांत देवनागरीसारख्या लिप्यांचा ‘उंच’ म्हणून वेगळा गट केला होता, त्यांना ओळीची उंची जास्त द्या म्हणून. फाँटची तर आता सबबच नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’तच सात वजनं आहेत, बारीकपासून जाडजूडपर्यंत.

अडतं ते उंचीवर. ओळ वाढवली की यादीतली शेवटची नोंद स्क्रीनबाहेर जाते आणि डिझायनरचा चेहरा पडतो. मग तो अक्षरच लहान करू पाहतो. तिथे मी हटून बसतो. उकार ऱ्हस्व की दीर्घ हे दिसलंच पाहिजे.

सध्या तडजोड अशी: पैसे भरण्याच्या बटणाला ठसठशीत रंग आणि चौकट, बाकी सगळं अक्षरांवर, आणि मराठीसाठी ओळीची उंची वेगळी. सेटिंग्जच्या यादीत चित्रं असावीत की नसावीत, यावर बाई आणि डिझायनर अजून अडून आहेत. ती यादी चाचणीसाठी दोन्ही रूपांत बांधायला घेतली आहे.