डोमेन नावाचे हस्तांतरण : अडचणी आणि दक्षता

निपाणी आणि कोल्हापूर या शहरांत रोजची ये-जा असली, तरी दूरसंचाराच्या दृष्टीने एक कर्नाटक मंडळात व दुसरे महाराष्ट्र मंडळात मोडते. कंपनी बदलूनही मोबाईल क्रमांक कायम ठेवण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर लागू झाली. परंतु ती एकाच मंडळापुरती होती. निपाणीचा क्रमांक कोल्हापूरच्या मंडळात नेण्याची मुभा 3 जुलै 2015 पासून मिळाली. इंटरनेटवरील डोमेन नावास अशी हद्द नाही. तरीही ते एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेताना अनेक संस्थांना मनस्ताप होतो.

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी नोंदविले जाते. रजिस्ट्रार हा नोंदणी करून देणारा मध्यस्थ असतो. ‘.इन’ आणि ‘.भारत’ या नावांची मूळ नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते, तर ‘.कॉम’सारख्या नावांसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम लागू होतात.

अडचण कोठे येते?

समजा, एखाद्या पतसंस्थेचे संकेतस्थळ गावातील संगणक व्यावसायिकाने तयार केले व नोंदणी स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ई-मेलवर केली. पुढे तो पुण्यास वा बंगळुरूस निघून गेला, की संस्थेची कोंडी होते. शुल्क संस्थेने भरलेले असते, पण नोंदवहीत धारक दुसराच असतो. हस्तांतरणाचा गुप्त संकेतांक नोंदलेल्या धारकासच मिळतो.

हस्तांतरणासाठी प्रथम नावावरील कुलूप काढावे लागते, नंतर तो संकेतांक घेऊन नव्या रजिस्ट्रारकडे अर्ज करावा लागतो. आयकॅनच्या नियमांनुसार, धारकाने मागणी केल्यावर रजिस्ट्रारने पाच दिवसांत संकेतांक उपलब्ध करून देणे आवश्यक आहे. नवी नोंदणी किंवा आधीचे हस्तांतरण यांस 60 दिवस झालेले नसल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो. विनाकारण अडवणूक झाल्यास ‘.कॉम’सारख्या नावांबाबत आयकॅनकडे तक्रार करता येते.

नाव आणि संकेतस्थळ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. नाव हलविले म्हणून संकेतस्थळावरील मजकूर व पत्रपेटीतील पत्रे आपोआप नव्या ठिकाणी जात नाहीत. त्यांची व्यवस्था आधीच करावी लागते.

शहराचे नाव बदलले तेव्हा

1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. नोंदविलेल्या डोमेन नावातील एकही अक्षर बदलता येत नसल्याने, नवे रूप हवे असल्यास स्वतंत्र नोंदणी करावी लागते. जुना पत्ताही राखावयाचा असल्यास दोन्ही नोंदण्यांचे वेळेवर नूतनीकरण करणे अगत्याचे ठरते. सोडून दिलेले नाव कालांतराने कोणीही नोंदवू शकतो आणि जुन्या पत्त्यावर येणारा ग्राहक परक्याच्या दारात जातो.

यास्तव संस्थांनी नोंदणी संस्थेच्याच नावे करावी, पदाधिकारी बदलले तरी चालू राहील असा ई-मेल द्यावा आणि शुल्काच्या पावत्या दप्तरी जपाव्यात. हस्तांतरण करावयाचे असल्यास मुदत संपण्यापूर्वी किमान दोन महिने हालचाल सुरू करावी. जमिनीच्या उताऱ्यावरील नाव जितक्या काळजीने तपासले जाते, तितकीच काळजी या नोंदीचीही घेतली पाहिजे.