पेनड्राइव्ह नेमका कुठे अडतो

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवं, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा तरी हवा. इंदूर-धार रस्त्यावरच्या बेटम्यासारख्या गावात दुकानात हिशेबाला किंवा घरी मुलांच्या अभ्यासाला ठेवलेलं मशीन त्याहून जुनं असेल, तर ते भंगारात न घालता वापरत राहण्याचा चांगला मार्ग लिनक्स हाच आहे. पण पेनड्राइव्हवरून ते सुरूच होत नाही, तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. मग पेनड्राइव्ह पुन्हा लिही, दुसरं सॉफ्टवेअर वापर, सिक्युअर बूट बंद कर, असं सगळं एकदम सुरू होतं. माझं म्हणणं असं की काहीही बदलण्याआधी मशीन कुठवर पोचून थांबलं ते पाहावं, कारण बहुतेक वेळा निदान तिथेच असतं.

बूट मेनूत पेनड्राइव्हचं नावच दिसत नसेल, तर लिनक्सची एक ओळही अजून चाललेली नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. यूईएफआय मशीन पेनड्राइव्हच्या फॅट विभागात ईएफआय नावाच्या फोल्डरमधली सुरुवातीची फाइल शोधतं. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली असेल तर तिथे काहीच सापडत नाही. पेनड्राइव्ह फक्त यूईएफआयसाठी लिहिलेला आणि मशीन जुन्या बायोसचं, असंही पुष्कळदा असतं. ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूट लोडरचा, मेनू दिसला की हे सगळे संशय मिटतात, आणि सिक्युअर बूटने निदान ग्रबला तरी अडवलेलं नाही हेही कळतं. त्यापुढे पडदा काळा झाला तर बहुधा ग्राफिक्सचा प्रश्न असतो. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीत नोमोडसेट जोडून पाहावं. इनिटरॅमएफएसचा (सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमचा) प्रॉम्प्ट आला तर कर्नल चालला आहे, त्याला पुढची फाइल सिस्टिम मिळत नाही. म्हणजे पोर्ट बदलावा, पेनड्राइव्ह तपासावा, डाउनलोडचा शा-256 चेकसम संकेतस्थळावरच्या चेकसमशी जुळवावा. आणि लिनक्स सुरू होऊनही आतली डिस्क दिसत नसेल तर पेनड्राइव्ह निर्दोष आहे. बायोसमधली इंटेल आरएसटी ही डिस्कची सेटिंग पाहावी.

यावर कोणी म्हणेल, पुन्हा लिहायला पाच-दहा मिनिटं लागतात, एवढा विचार कशाला? पण डाउनलोडच अर्धवट असेल तर प्रत्येक वेळी तीच बिघडलेली प्रत लिहिली जाते. उबंटू 24.04 ची फाइल जवळपास 6 जीबीची आहे. मोबाइलच्या डेटावर ती पुन्हा उतरवणं स्वस्त नाही. शिवाय तीन गोष्टी एकदम बदलून मशीन चालू झालं, तर कशामुळे झालं हे कळत नाही आणि पुढच्या मशीनला पहिल्यापासून सुरुवात होते. इंदूरच्या दुकानात न्यायचं ठरवलं तरी ‘चालत नाही’ यापेक्षा ‘ग्रब येतो, मग काळं होतं’ हे सांगणं कामाचं, आणि थांबलेल्या पडद्याचा फोटो त्याहून कामाचा.

सिक्युअर बूट आधी बंद करण्याचा सल्ला मात्र मला घातक वाटतो. उबंटू आणि फेडोराच्या सुरुवातीच्या लोडरवर सिक्युअर बूट तपासतं ती मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे बहुतेक मशीनवर त्याची गरजच नसते. आर्चच्या अधिकृत आयएसओला ते बंद करावं लागतं, हे खरं. पण विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर या बदलानंतर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डिस्कवरचे हिशेब आणि फोटो कुलूपबंद राहतात. ती की आधी कागदावर उतरवावी, मगच त्या सेटिंगला हात लावावा.