कोरियाची फाळणी आणि जनरल थोरात

बीड जिल्ह्यातील दिंद्रुड हे गाव ज्या निजामी अंमलाखाली होते, तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपुष्टात आला. त्याच्या अवघे महिनाभर आधी, १५ ऑगस्टला, दक्षिण कोरियाचे आणि ९ सप्टेंबरला उत्तर कोरियाचे राज्य जाहीर होऊन, १९१० पासून जपानची हुकमत सोसलेला तो प्राचीन मुलूख अडतिसाव्या अक्षांशावर दुभंगला. दिंद्रुडसह मराठवाड्याचे भारतात विलीनीकरण झाले. कोरियनांच्या वाट्याला मात्र १९५० ते १९५३ चे युद्ध आले.

युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नाखूश असलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय फौजेकडे आला, आणि तिचे आधिपत्य शंकरराव थोरात या मराठी सेनानीकडे होते. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू न दिल्यामुळे (हा हट्ट विलक्षणच म्हणायचा!) त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या प्रक्षुब्ध जमावात शिरले आणि त्यांनी गोळीबाराविना त्याची सुटका करवून घेतली. अखेर दोन्ही कोरिया नाकारणारे काही कोरियन कैदी १९५४ साली त्या फौजेबरोबरच जहाजाने भारतात आले.