वीज पायाळू माणसाला शोधत येते का?

व्याख्यान संपल्यावर श्रोते जे प्रश्न विचारतात, त्यांतले काही आम्ही बाजूला काढून ठेवतो. आज त्यांतले विजेबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. आकाशातल्या विजेबद्दलचे, बरं का. घरातल्या नव्हे.

हेच का निवडले? आपल्या देशात वीज पडून दरवर्षी २,००० हून जास्त माणसं जातात. बहुतेक जण खेड्यातले, शेतात किंवा उघड्यावर काम करणारे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा. नेमकी तेव्हाच शेतात घाई असते. सोयाबीनची गंजी लावलेली असते, आभाळ भरून येतं आणि ताडपत्री टाकायला सगळं घर धावतं. अशा वेळी विजेबद्दल डोक्यात काय समजूत पक्की बसली आहे, यावर जीव अवलंबून असतो.

पहिला प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. “पायाळू माणसावर वीज पडते, हे खरं का?”

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने लाथ मारली की भरलेली उसण उतरते, त्याला जमिनीतलं धन दिसतं आणि वीज त्याला शोधत येते, असं आपल्याकडे सांगतात. हसून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही. विचारणाऱ्याच्या घरात कदाचित असं मूल असतं आणि त्या आईला खरंच भीती वाटत असते. म्हणून आधी वीज पडते म्हणजे नेमकं काय होतं, ते बघू.

दुपारभर जमीन तापते. ओलसर गरम हवा वर चढते आणि ढग कधीकधी १०-१२ किलोमीटर उंचीपर्यंत वाढतो. वरच्या भागात कडाक्याची थंडी असते. तिथे बारीक हिमकण आणि गारांचे भुसभुशीत गोळे सतत एकमेकांवर आपटतात. या आपटण्यात हलक्या हिमकणांवर धनप्रभार येतो आणि हवेबरोबर ते वर जातात. जड गोळ्यांवर ऋणप्रभार येतो आणि ते खालच्या बाजूला राहतात. ढगाच्या तळाशी ऋणप्रभार साठला, की त्याच्याखालच्या जमिनीवर धनप्रभार ओढला जातो. मधली हवा वीज सहजासहजी वाहू देत नाही. पण ताण फार वाढला की तीही हार मानते.

मग ढगातून विजेची एक वाट खाली यायला लागते. ती सरळ येत नाही. साधारण ५० मीटरचा एक टप्पा, क्षणभर थांबा, पुन्हा पुढचा टप्पा, अशी वाकडीतिकडी येते. ती जमिनीजवळ पोचली की खालच्या उंच वस्तूंमधून, म्हणजे झाडाचा शेंडा, खांब, उघड्या रानात उभ्या माणसाचं डोकं, यांतून प्रभाराच्या छोट्या वाटा वर उठतात. त्यांतली जी वाट वरच्या वाटेला आधी भेटेल, तिथे वीज पडली. त्या क्षणी साधारण ३०,००० अँपिअर इतका प्रवाह वाहतो. आपल्या घरातला मिक्सर दोन-तीन अँपिअरवर चालतो, त्यावरून अंदाज करा. त्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. इतकी तापलेली हवा एकदम फुगते, तोच गडगडाट.

आता या सगळ्यात माणूस कसा जन्मला, हे विजेला कुठे कळणार? खाली झाड आहे की माणूस, हेसुद्धा शेवटच्या काही दहा मीटरांपर्यंत तिच्या वाटेवर परिणाम करत नाही. तिथेही तीनच गोष्टी चालतात. वस्तू किती उंच, किती टोकदार आणि आजूबाजूला किती एकटी. शिवाय पूर्ण दिवस भरलेल्या दर १०० बाळांत तीन-चार बाळं पायाकडून किंवा कुल्ल्यांकडून येणारी असतात. आज त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म सिझेरियनने होतो. मग त्यांना पायाळू म्हणायचं की नाही? ते विजेला कोण सांगणार?

तरी ही समजूत टिकली कशी? गावात वीज पडून एखादा गेला की, “त्याच्यावरच का?” हा प्रश्न लोकांना सतावतो. कोणीतरी म्हणतं, तो पायाळू होता. ते लक्षात राहतं. जे पायाळू नव्हते आणि तरी गेले, त्यांची मोजदाद कोणी करत नाही. अमेरिकेत रॉय सुलिव्हन नावाचे एक वनरक्षक होते. १९४२ ते १९७७ या काळात त्यांच्यावर सात वेळा वीज पडली आणि ते सातही वेळा वाचले. त्यांच्यात विजेला ओढणारं काही होतं का? नाही. त्यांची नोकरीच वादळं होणाऱ्या डोंगराळ जंगलात होती. म्हणून “त्याच्यावरच का?” हा प्रश्न थोडा बदलून “तो उभा कुठे होता?” असा विचारला, की उत्तर हाती लागतं.

दुसरा प्रश्न तरुणांचा. “मोबाइल वीज ओढतो का?” नाही. मोबाइलच्या लहरी हवेत विजेसाठी वाट तयार करत नाहीत. वीज पडलेल्या माणसाच्या खिशात जळालेला मोबाइल सापडतो, त्यावरून ही समजूत झाली असावी. पण प्रवाह शरीरावरून जाताना खिशातली वस्तूही भाजतेच. गळ्यातली साखळी, हातातलं खुरपं यांचंही तेच. ती वीज बोलावत नाहीत, पण वीज पडलीच तर तापून चटका देतात. खांद्यावर उभी धरलेली लोखंडी सळई किंवा डोक्यावरची छत्री मात्र आपली उंची वाढवते, ती खाली ठेवावी. धोका आहे तो तारेच्या फोनला आणि चार्जरला जोडलेल्या मोबाइलला, कारण प्रवाह तारेतून घरात येऊ शकतो. त्याच कारणाने गडगडाट चालू असताना नळाखाली अंघोळ करू नये, भांडी घासत बसू नये. सुटा मोबाइल जवळ असू द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास कुठे विजा पडताहेत आणि धोका कुठे आहे, हे दाखवतं.

तिसरा प्रश्न. “एकदा जिथे वीज पडली तिथे पुन्हा पडत नाही ना?” पडते. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला साधारण २० ते २५ वेळा पडते. उंच जागा उंचच राहते, मग वीज दुसरीकडे कशाला जाईल?

चौथा प्रश्न सगळ्यांत घातक समजुतीतून येतो. “पाऊस आला की झाडाखाली थांबायचं, मग विजेपासूनही झाड वाचवतं की नाही?” झाड पावसापासून वाचवतं. विजेच्या बाबतीत तेच आपल्याला गोत्यात आणतं. उंच झाडावर वीज पडली की प्रवाह खोडातून खाली येतो. ओल्या लाकडापेक्षा माणसाचं शरीर त्याला सोयीचं, म्हणून तो खोडावरून शेजारच्या माणसावर उडी मारतो. उरलेला जमिनीत पसरतो. झाडाजवळच्या जमिनीत ताण जास्त आणि लांब गेलं की कमी. आपला एक पाय जवळ आणि एक लांब असेल, तर दोन पायांमध्ये ताणाचा फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गाईबैलांचे पुढचे-मागचे पाय दूर असतात आणि मध्ये हृदय येतं. म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम दगावतात. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतल्या एका पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडिअर मरून पडले होते. कळप एकमेकांना खेटून उभा होता. प्रत्येकावर वेगळी वीज पडली नव्हती, जमिनीतल्या प्रवाहाने घात केला.

मग करायचं काय? वीज दिसली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे. काम टाका आणि पक्क्या घरात जा. बंद काचांची, पत्र्याच्या टपाची मोटार किंवा एसटीसुद्धा चालते. तिथे टायरचं रबर आपल्याला वाचवत नाही. प्रवाह गाडीच्या बाहेरच्या धातूवरून जमिनीत जातो, म्हणून आत बसलेला वाचतो. ट्रॅक्टर आणि मोटरसायकललाही रबरी टायर आहेत, पण भोवती पत्रा नाही. चारी बाजूंनी उघडी खोपी किंवा गोठाही कामाचा नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास थांबा. आसराच नसेल तर एकट्या झाडापासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. हे नाइलाजाचं आहे, याने धोका टळत नाही, थोडा कमी होतो. बरोबर माणसं असतील तर एकमेकांपासून लांब बसा.

शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. “वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो का?”

नाही. अजिबात नाही. तुटलेल्या तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, ते बरोबर. त्याच्यातून प्रवाह चालू असतो. पण विजेचा प्रवाह क्षणार्धात येऊन गेलेला असतो. शरीरात काही साठून राहत नाही. वीज पडलेली बरीच माणसं वाचतात. जी जातात, ती मुख्यतः हृदय आणि श्वास थांबल्याने जातात. पुष्कळदा हृदय स्वतःहून पुन्हा सुरू होऊ शकतं, पण श्वास बंदच राहतो आणि मग हृदय पुन्हा थांबतं. म्हणजे पहिली काही मिनिटं शेजारच्या माणसाच्या हातात असतात. जमलं तर त्याला सुरक्षित जागी हलवा. एकाने १०८ ला फोन करावा. श्वास नसेल तर दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात, भराभर दाबायला लागावं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. येत असेल तर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. अनेकांना लागलं असेल तर जो निपचित पडला आहे, त्याच्याकडे आधी जा. कण्हणारा श्वास घेतोय.

आता पुन्हा पायाळूकडे. या समजुतीचं नुकसान दोन्हीकडून होतं. पायाळू मूल ढग आले की उगीच धास्तावतं, आणि बाकीचे, “आपण कुठे पायाळू आहोत?” म्हणत निर्धास्तपणे झाडाखाली उभे राहतात. घरात कोणी पायाळू असेल तर त्याला एवढंच सांगा की वीज तुला शोधत नाही. आणि गडगडाट सुरू झाला की त्याला जसं घरात बोलावता, तसंच सगळ्यांना बोलावा. गंजीवरची ताडपत्री राहिली तरी चालेल.