जुनी सुतारयंत्रे : विकताना आणि घेताना



आपल्या समाजात सुतारकाम जाणणारे हात पूर्वीपासून आहेत. मुंबईत मिस्त्री म्हणून राबलेल्या काहींनी इथे येऊनही नगारियातच उमेदीची वर्षे घालवली. आता त्यांतले कोणी थकले, कोणी आपल्यातून गेले. मागे मख्सानमध्ये गोल करवत, रंधायंत्र, लेथ धूळ खात पडलेले असते. मुले म्हणतात, "आल्टे झाखेन" ओरडत येणाऱ्या गाडीवाल्याला देऊन टाका. पण भंगारात लोखंड किलोने जाते, आणि चालू यंत्र त्याच्या कामाच्या किमतीने जाते. दोहोंत फार अंतर आहे. म्हणून थोडी माहिती करून घेऊ.

असे यंत्र विकायला आता दुकान शोधावे लागत नाही. इंटरनेटवर "याद श्तायिम" ह्या ठिकाणी किंवा फेसबुकवर जाहिरात देता येते. टाईप करण्याचे काम नातवंडावर सोपवावे. मजकूर मात्र आपण सांगावा.

प्रथम यंत्रावरची धातूची पाटी पुसून तिचा फोटो घ्यावा. कारखान्याचे नाव, व्होल्ट, फेज, किलोवॅट हे सारे तिच्यावर असते आणि जाणता गिऱ्हाईक आधी तेच विचारतो. मग दिवसाच्या उजेडात पूर्ण यंत्राचा, टेबलाचा, पात्याचा व मोटरचा फोटो घ्यावा. यंत्र चालू असतानाचा छोटासा व्हिडिओ असला तर उत्तम. दोष असेल तर तोही लिहावा. जाहिरातीत पुष्कळदा "क्मोत शेहू" असे लिहितात, म्हणजे आहे तसे. पण माहीत असलेला दोष लपवायला ही दोन अक्षरे ढाल होत नाहीत.

किंमत कशी ठरवावी? त्याच जातीच्या यंत्रांच्या आठ-दहा जाहिराती पाहाव्या. मात्र मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत एक नसते. महिनोन्‌महिने तशीच राहिलेली जाहिरात म्हणजे भाव जास्त आहे असे समजावे.

आता पैशांची गोष्ट, आणि ही नीट लक्षात ठेवा. कोणी संदेश पाठवतो : "मी लांब राहतो, यंत्र न पाहताच घेतो, माणूस पाठवून नेतो. ह्या लिंकवर कार्डाचा नंबर भरा, पैसे जमा होतील." ही फसवणूक आहे. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे पैसे देण्यासाठी लागतात, पैसे घेण्यासाठी कधीच नाही. फोनवर आलेला गुप्त आकडाही कोणाला सांगू नये. "पैसे पाठवले" असा फोटो दाखवला म्हणजे पैसे आले असे नव्हे. आपल्या खात्यात दिसले की आले. रोख घ्यायचे तर कायद्याची मर्यादा आहे. 2022 च्या ऑगस्टपासून दोन खासगी माणसांतला 15,000 शेकेलवरचा व्यवहार पूर्ण रोखीने करता येत नाही.

जाहिरातीत घराचा पत्ता देऊ नये. गिऱ्हाईक यायचे तेव्हा मुलगा, जावई किंवा शेजारी सोबत असावा. एकट्या बाईमाणसाने तर हा नियम मोडूच नये.

घेणाऱ्यासाठीही चार गोष्टी सांगतो. आपल्या घरात वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असते. कारखान्यातली मोठी यंत्रे बहुधा "त्लात फाझी", म्हणजे तीन फेजची, 400 व्होल्टची. घरी तशी जोडणी नसेल तर स्वस्त यंत्र महागात पडते. अमेरिकेहून आणलेल्या यंत्रावर 60 हर्ट्झ लिहिलेले असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे साधी मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते. तीन फेजचे पाते उलटे फिरत असेल तर घाबरू नये, दोन तारांची अदलाबदल केली की सरळ फिरते. पण ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे.

यंत्र बंद करून, प्लग काढून, पट्टा सैल करून दांडा हाताने फिरवावा. खरखर लागली तर बेअरिंग गेले. बेअरिंग बदलता येते. चिरलेले बिडाचे टेबल मात्र घेऊच नये. टेबल सपाट आहे का, हे सरळ धातूची पट्टी आडवी-तिरपी ठेवून, खालून उजेड दिसतो का ते पाहून कळते. मग यंत्र चालू करून लाकूड कापून पाहावे. जळका वास आला तर मोटरची शंका घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोटे. गोल करवतीवरचे झाकण आणि पात्यामागची पोलादी सुरी जागेवर आहे का? ही सुरी कापलेली फट मिटू देत नाही, म्हणून लाकूड उसळून अंगावर येत नाही. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होत असेल तर बटण आधी बदलून घ्यावे.

वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे आधीच बोलावे. मोठी पट्टा-करवत दोन-तीनशे किलोंची असते. ती नेणे घरच्या माणसांचे काम नव्हे.

आणि व्यवहार झाल्यावर घाई करू नये. घेणारा बहुधा तरुण असतो. त्याला पाते कसे बदलायचे, तेल कुठे घालायचे हे दाखवावे. सोबतच्या पटाश्या, जुने पाने, माहितीपुस्तिकाही त्यालाच द्यावी. यंत्र पुढे वीस वर्षे चालेल, आणि त्याची बोटेही शाबूत राहतील.