पुराची रेघ

छोटी विमानं, मोठं आभाळ : लेखांक १४

विम्याबद्दल लिहीन म्हणालो होतो. लिहिणार आहे, पण आज नाही. मधल्या दिवसांत सांगलीहून एक पत्र आलं आणि त्यानं माझा आख्खा आठवडा खाल्ला.

वादळात विमान बांधून ठेवायच्या दोरांच्या लेखांकात मी जाता जाता लिहून गेलो होतो, की वाऱ्यानं मोडलेलं विमान परवडलं, पाण्यात बुडालेलं नको. गावभागातल्या या वाचकांना ते पटलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, तेव्हा यांची स्कूटर तळमजल्यावर पाच दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर मेकॅनिकनं ती उघडली, डिझेलनं धुतली, ऑइल बदललं, तीन दिवस उन्हात ठेवली. स्कूटर आजही रोज मार्केट यार्डात जाते-येते. "मग तुमच्या विमानाला काय सोनं लागून गेलंय?" असा त्यांचा सवाल आहे.

सवाल चोख आहे. स्कूटर रस्त्यात बंद पडली तर ढकलत नेता येते, विमान ढकलता येत नाही, हे उत्तर कुणीही देईल. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. खरं उत्तर धातूत आहे. स्कूटरमध्ये लोखंड पुष्कळ. लोखंड गंजलं की लाल होतं, खपल्या धरतं, बोट लावलं तर बोटाला लागतं. ते ओरडून सांगतं. ॲल्युमिनियमला ही खोड नाही. ते आतल्या आत सडतं आणि वरून रंग तसाच चकाकत असतो.

छोट्या विमानाची कातडी एक मिलिमीटरहूनही पातळ पत्र्याची असते. शुद्ध ॲल्युमिनियम तिथे चालत नाही, फार मऊ पडतं. म्हणून त्यात चारेक टक्के तांबं घालतात. या मिश्रधातूचा नंबर २०२४. तांब्यामुळे पत्र्याला बळ येतं आणि तांब्यामुळेच तो मिठाला भितो. खारं पाणी मिळालं की तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं धातूच्या पोटातच बॅटरीसारखं काहीतरी सुरू होतं, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. यावर उपाय म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी बारीक थर चढवलेला असतो. उपाय उत्तम आहे. फक्त पत्रा कापला की कडा उघडी पडते आणि रिव्हेटसाठी भोक पाडलं की भोकाची आतली बाजू उघडी पडते. एका विमानात अशी भोकं हजारोंनी असतात.

आता पाणी काय करतं पाहा. एक पत्रा दुसऱ्यावर चढवून जिथे रिव्हेटांनी शिवलेला असतो, त्या फटीत ते शिरतं. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं. पूर ओसरतो, विमान उन्हात वाळतं, मालक हुश्श करतो. फटीतलं पाणीही यथावकाश वाळतं, मीठ मात्र तिथेच राहतं. पुढच्या दमट रात्री ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि काम पुन्हा सुरू होतं. झिजलेल्या धातूची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. मग पत्रा रिव्हेटांच्या मधे उशीसारखा फुगतो, रिव्हेटांची डोकी ताणली जातात, कधी तुटतात. जाड भागांत, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईत वगैरे, धातू थराथरानं सुटतो. हातात घेतला तर खारी बिस्किट. पापुद्रे मोजता येतात. आणि या तुळईवर अख्खं विमान लटकलेलं असतं.

फटीतलं हे दुखणं फक्त पुराचं नाही. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४ हजार फुटांवर त्याच्या पुढच्या भागाचं छप्पर उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, बाकी सगळे वाचले, कारण वैमानिकांनी ते उघडं विमान माउईला उतरवलं. ते विमान कधी पाण्यात बुडालेलं नव्हतं. बेटाबेटांमधल्या छोट्या छोट्या फेऱ्या, दर फेरीला फुगणारी आणि आकसणारी कातडी, समुद्राची खारी हवा आणि पत्र्यांच्या जोडातली चिकटवण सुटलेली, एवढं पुरलं.

इथे सांगलीकरांना एक गुण द्यायला हवा. कृष्णेचं पाणी गोडं. त्यांची स्कूटर वाचली त्यात मेकॅनिकच्या हाताइतकाच त्या गोडेपणाचाही वाटा आहे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे मालक समुद्रात उतरून आले की दरवेळी विमान गोड्या पाण्यानं धुतात, त्याचं कारण हेच. पण पुराचं गोडं पाणी म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे. त्यात गटार असतं, शेतातली खतं असतात, कुणाच्या तरी टाकीतलं डिझेल असतं, आणि गाळ असतो. गाळ ओल धरून ठेवतो. ज्या कोनाड्यात हात पोचत नाही तिथे गाळ पोचतो.

उन्हात वाळवायचं की नाही, यावरही आमच्या विमानदुरुस्तीच्या धंद्यात उलटी रीत आहे. समुद्रात पडलेल्या विमानाचा ब्लॅक बॉक्स वर काढला की तपास करणारे तो पुसून कोरडा करत नाहीत. गोड्या पाण्याच्या डब्यात बुडवून तसाच प्रयोगशाळेत नेतात. मीठ, पाणी आणि हवा तिघं एकत्र आले की नाश झपाट्यानं होतो. त्यातली हवा काढून घ्यायची आणि मीठ पातळ करायचं. खाऱ्या पाण्यातून काढलेल्या इंजिनालाही हाच न्याय. उघडायला माणूस येईपर्यंत गोड्या पाण्यात ठेवलेलं बरं. वादळानंतर मालक विमान बाहेर ढकलतात, सगळी दारं उघडून उन्हाला लावतात आणि माणूस शोधायला निघतात. त्यांना अडवायला जीवावर येतं. माणूस मिळेपर्यंत क्रँकशाफ्टवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर खड्डे पडून गेलेले असतात.

मी टेक्सासच्या किनाऱ्याकडे एका छोट्या वर्कशॉपात काम करत होतो तेव्हा, १३ सप्टेंबर २००८ च्या पहाटे, आइक हे वादळ गॅल्व्हेस्टनवर आलं. वारा दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे हरिकेनांच्या हिशेबात मधलाच. गॅल्व्हेस्टन बेटावर १९०० साली किमान सहा हजार माणसं वादळात गेली होती. त्यानंतर गावानं समुद्राच्या बाजूला १७ फूट उंचीची भिंत बांधली. २००८ मध्येही भिंत टिकली. पाणी मागून आलं, खाडीच्या बाजूनं. आणि गावाचं स्कोल्स विमानतळ त्याच बाजूला, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फुटांवर. तिथल्या लोन स्टार फ्लाइट म्युझियमनं आपली उडू शकणारी जुनी विमानं आधीच आत सुरक्षित जागी नेली होती. जी दुरुस्तीसाठी उघडलेली होती ती राहिली आणि बुडाली. पुढे हे संग्रहालय बेट सोडून ह्यूस्टनच्या एलिंग्टन विमानतळावर गेलं. नव्या जागेचं दार उघडलं सप्टेंबर २०१७ मध्ये, हार्वी वादळानं ह्यूस्टन बुडवल्यानंतर अवघ्या काही दिवसांत. वादळांनाही पाठपुरावा करायची सवय असावी.

आइकनंतर आम्ही बेटावर गेलो तेव्हा एका खाजगी हँगरमध्ये एक सेसना शेपूट छपराला टेकवून उभं होतं. दोर शाबूत होते. दोरांच्या लेखांकातला माझाच सल्ला तिथे माझ्याकडे बघत होता : टाक्या भरून ठेवा, वजन वाढतं, वाऱ्याला विमान उचलता येत नाही. वाऱ्यापुरतं ते बरोबर. पण विमानाचं पेट्रोल लिटरला पाऊण किलोही भरत नाही. म्हणजे पाण्यात काठोकाठ भरलेली टाकीसुद्धा तरंगते. पंखात अशा दोन टाक्या आणि शेपटीत अडकलेली हवा, म्हणून मागचा भाग वर. नाकात इंजिनाचं धूड, म्हणून ते खाली. पक्कं बांधलं तर दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतात. सोडून दिलं तर ते हँगरभर तरंगत शेजाऱ्याच्या विमानाला आणि छपराच्या कैच्यांना धडका देतं. वारा येणार की पाणी, हे कळल्याशिवाय गाठ मारू नये. आणि ते कळेपर्यंत गाठ मारायची वेळ निघून गेलेली असते.

विमानतळ अशा पाणथळ जागी बांधतातच का, असंही त्या पत्रात एका ओळीत विचारलं आहे. कारण सपाट, मोकळी आणि स्वस्त जमीन गावाजवळ तिथेच उरलेली असते. न्यू ऑर्लिन्सचं लेकफ्रंट विमानतळ तर १९३४ साली सरोवरात भराव घालून त्यावरच उभं केलं. २००५ मध्ये कट्रिना वादळानं त्याची दैना केली. आणि लांब कशाला जायचं? आपलं जुहू घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानातून जुहूला उतरले, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची आणि टाटांची ही विमानसेवा चंबूगबाळं आवरून चार महिने पुण्याला मुक्कामाला यायची, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ही हकीकत फार आवडते. विमान वाचवायचा याहून शहाणा मार्ग अजून कुणी काढलेला नाही.

पुन्हा गॅल्व्हेस्टनला येतो. तिथे बुडालेल्या विमानांची मोजदाद होते. बेटावर बुडालेल्या आणखी एका गोष्टीची मोजदाद मात्र कुठेच झाली नाही : हत्यारांच्या पेट्या. अमेरिकेत मेकॅनिकची हत्यारं त्याची स्वतःची असतात, दुकानाची नव्हेत. चाकांवरचं छातीएवढं उंच लाल कपाट, वीस-पंचवीस ड्रॉवरांचं. हत्यारांची गाडी दर आठवड्याला वर्कशॉपच्या दारात येते, तिच्याकडून हप्त्यानं एकेक पाना घेत माणसाची पंचवीस वर्षं त्या कपाटात जमा होतात. जड सॉकेट खालच्या ड्रॉवरांत, कारण कपाट कलंडू नये. पाणी अर्थातच खालून भरतं. मी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला वर्कशॉपच्या दारात बसून कॉफीच्या डब्यांत तेल ओतताना आणि एकेक सॉकेट त्यात सोडताना पाहिलं आहे. विमानांना विमा होता. त्याच्या कपाटाला नव्हता.

तो माणूस नंतर ह्यूस्टनला एका मोठ्या कंपनीत नोकरीला लागला. असा एक माणूस गेला की छोट्या विमानतळाचं काय होतं हे बाहेरच्यांना चटकन दिसत नाही. अमेरिकेत प्रत्येक छोट्या विमानाची दर बारा महिन्यांनी सक्तीची तपासणी असते. ती करणारा गावात नसेल तर फ्लाइंग स्कूलची विमानं शंभर मैलांवर न्यावी लागतात, शिकणाऱ्यांचे दिवस बुडतात, मग शिकणारे दुसरीकडे जातात. धावपट्टीच्या टोकाचं कॅफे शनिवार-रविवारच्या याच गिऱ्हाइकांवर चाललेलं असतं. पुरानंतर टेक्सासच्या किनाऱ्यावर डासांचा जो कहर होतो त्यावर फवारणी विमानांतूनही करतात, आणि त्या विमानांनाही पाना फिरवणारं कुणीतरी लागतंच. वीज आणि रस्ते काही आठवड्यांत येतात. हा माणूस परत येत नाही.

आता स्कूटरवाल्या वाचकांसाठी शेवटची एक हकीकत सांगतो, मग पुढच्या आठवड्यात नक्की विमा.

आइकला दोन-तीन वर्षं झाल्यावर आमच्याकडे एक चार आसनी सेसना वार्षिक तपासणीला आलं. नवा पांढरा रंग, नव्या निळ्या पट्ट्या, आत नवं कातडं. मालकानं नुकतंच घेतलेलं, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी, आणि त्याचा त्याला केवढा आनंद. लॉगबुक उघडलं तर पहिल्याच पानावर लिहिलेलं, मागील नोंदी गहाळ. विमान तीस वर्षांचं आणि वही दीड वर्षाची. माझ्या वरिष्ठांनी वही मिटली आणि काही न बोलता मला मागची सीट काढायला सांगितलं.

सीटखालचं झाकण उघडून टॉर्च मारला. जुन्या सेसनांना कारखान्यातून आतून रंग लावलेला नसायचा. पाण्यावर उतरणाऱ्या विमानासाठी जादा पैसे मोजले तरच तो मिळायचा. त्यामुळे आतला पत्रा उघडा, करडा. त्या करड्या पत्र्यावर, खालून कोपरभर उंचीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मातकट रेघ गेली होती. पट्टी लावून आखल्यासारखी सरळ. सांगलीत पूर ओसरला की भिंतीवर राहते ना, तशीच. रेघेखाली रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी. एका कोपऱ्यात, कंट्रोल केबलच्या पुलीपाशी, वाळलेलं गवत आणि नखाएवढे दोन शिंपले.

मालकाला बोलावलं. त्यानं बराच वेळ आत पाहिलं आणि किती खर्च येईल विचारलं. वरिष्ठांनी आकडा सांगितला, तो विमानाच्या किमतीहून मोठा होता. आम्ही सही केली नाही, दोषांची यादी हातात दिली. चार दिवसांनी तो पंख उतरवून विमान ट्रेलरवर घालून घेऊन गेला.

त्याच्या शेपटीवरचा नोंदणी क्रमांक मला पाठ आहे. अमेरिकेत हा क्रमांक टाकला की विमान कुणाच्या नावावर आहे ते सहसा कुणालाही पाहता येतं. मी वर्षातून एकदा पाहतो. त्यानंतर ते दोनदा विकलं गेलं, आता समुद्रापासून लांब कोरड्या मुलखातल्या एका राज्यात आहे. नोंदणी चालू दाखवते.